वाचेल त्याचा शब्द

अर्थ नसलेले शब्द घडवण्यात शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत माझा हात धरणारा कुणी नाही, हे मी अत्यंत नम्रपणे सांगतो. नम्रपणे अशासाठी, की या स्पर्धेत आजवर मी एकटाच उतरलेलो आहे!

माझं नाव आदेश. नाव असं असलं, तरी आजवर मी तो कुणाला दिलेला नाही. चार माणसांसमोर उभं राहिलं की माझा आवाज थेट चपलांत जाऊन बसतो. म्हणून मी कविता लिहीत असे. पावसाळी संध्याकाळ, विझता दिवा, रिकामा फलाट असा सगळा ऐवज त्यांत असे आणि संपादकांचं उत्तर ठरलेलं असे : 'शब्द सुंदर आहेत, अर्थ लागत नाही.'

मग शहापुरातल्या एका शैक्षणिक संस्थेत मला नोकरी लागली. पहिल्याच दिवशी आमचे साईनाथ सर म्हणाले, "आदेश, आपल्याला असे शब्द हवेत, की ज्यांना काही म्हणजे काहीच अर्थ नाही."

इतक्या वर्षांनी मला कुणीतरी ओळखलं होतं!

प्रकरण असं होतं. वाड्या-पाड्यांवर आमची संस्था वाचनवर्ग चालवते. मूल वाचतंय की पाठ म्हणतंय, हे ओळखणं महाकठीण! पुस्तक उलटं धरून, नजर खिडकीबाहेरच्या सरड्यावर ठेवून, धडा स्वल्पविरामासकट म्हणून दाखवणारी मुलं मी पाहिली आहेत. 'कमळ' दाखवलं तर ती शेजारचं चित्र वाचतात. पण जो शब्द जगात नाहीच, तो पाठ कसा असेल? त्याचं चित्र कोण काढील? तो वाचायचा तर अक्षराला अक्षर जोडूनच वाचावा लागतो.

मी कामाला लागलो. टेमळू, झोमुटा, लातुप, गबीर, धोटीम... एकेक शब्द मी पैलू पाडल्यासारखा घडवला. शब्दकोशात शोधला, घरमालकिणीला विचारला. एसटीच्या कंडक्टरलाही विचारलं, "टेमळू ठाऊक आहे का हो?"

"तिकडं गाडी जात नाय," तो म्हणाला. "मुरबाडला उतरा नि चौकशी करा."

माझी खात्री पटली. शब्द अस्सल निरर्थक होते!

भातकापणी उरकल्यावर मी पहिल्या चाचणीला गेलो. धसईला एसटीतून उतरायचं, मग टेकाड चढून वाडीवर जायचं. तिथला वाचनवर्ग दिपाली घेते. ती त्याच वाडीची, बारावी झालेली, आणि मी मनात वाक्य जुळवेपर्यंत तीन वाक्यं बोलून मोकळी होणारी.

"मुलांची नावं सांगता का?" मी विचारलं.

"बुधू, बुधू, मंगळी, बुधू, मंगळी, सोमी, अजून एक मंगळी."

मी चपलांकडे पाहिलं. "चेष्टा करताय?"

"चेष्टा कसली सर? ज्या वारी जन्मला त्या वाराचं नाव. आमच्या म्हाताऱ्यांची रीतच आहे. वार सात आणि पोरं ढीगभर! शेळ्यांनाही तीच नावं. संध्याकाळी कुणी 'मंगळे' म्हणून हाक मारली, की तीन पोरी आणि पाच शेळ्या धावत येतात."

हसू येण्याऐवजी मला उगाच हुरहुर वाटली. नावांचा एवढा दुष्काळ, आणि माझ्या पिशवीत बिनकामाचे शब्द खच्चून भरलेले!

चाचणी सुरू झाली. एका बुधूने अडखळत वाचलं, सोमीने घाम पुसत वाचलं. मग वाडीतल्या लहानी आजीची नात मंगळी समोर बसली. मी शब्दाचं कार्ड पुढे केलं.

"ह्यो कोण हाय?" तिने विचारलं.

"कुणी नाही. नुसता शब्द आहे."

"कुनी नाय तं हाक कशाला मारू?"

मी दुसरं कार्ड काढलं, मग तिसरं. मंगळीने सगळ्या कार्डांना नकार दिला. तिच्या नावापुढे शून्य पडलं.

निघताना बुधूने विचारलं, "सर, ह्ये शब्द कुनाचंच नायत ना? मंग आमाला द्या!"

"घ्या!" मी उदारपणे म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच माझे शब्द कुणीतरी मागून घेत होतं. आणि निरर्थक शब्दाचं असं बिघडून बिघडून बिघडणार काय?

शिमग्याच्या सुमारास दुसरी चाचणी होती. या खेपेला साईनाथ सर जातीने जीपमधून आले. वाटेत त्यांनी बजावलं, "या चाचणीत प्रगती दिसली तर दिपालीचा वर्ग पुढच्या वर्षी चालू. नाही दिसली तर बंद, दुसऱ्या वाडीला देऊ. शब्द तेच ठेवलेत ना?"

"तेच, सर. शंभर टक्के निरर्थक," मी छाती काढून म्हणालो. माझी छाती निघते म्हणजे सदरा जरा सरळ होतो, एवढंच.

शाळेच्या ओट्यावर दिपाली उभी होती. वर्गाचं भवितव्य तिला ठाऊक होतं. ओढणीचं टोक तिने बोटाला इतकं गुंडाळलं होतं, की बोट निळं पडायचं बाकी होतं.

पहिला बुधू आला. सरांनी स्वतः कार्ड दाखवलं. बुधूने ते नीट पाहिलं, उठला आणि धूम पळाला!

"घाबरला वाटतं," सर म्हणाले.

घाबरला कसला! दोन मिनिटांत तो परत आला, तो एका शेळीला कानाला धरून. "ह्यी बघा टेमळू!"

"बें!" टेमळूने दुजोरा दिला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेळीकडे पाहिलं. शेळीने सरांच्या हातातलं कार्ड पाहिलं, आणि खाल्लं!

"पुढचा शब्द!" सर ओरडले.

"झोमुटा!" सोमी म्हणाली. "आमचा लाल कोंबडा. चावतो."

"लातुप?"

"वढ्याजवळची घसरन!" दोन-तीन आवाज एकदम आले. "काल बारकी मावशी लातुपावर पडली!"

"धोटीम?"

"भाकरी करपली की तव्याला ऱ्हाते ना, ती!"

सरांचा चेहरा पिकल्या करवंदासारखा झाला. "आदेश! हे शब्द निरर्थक आहेत म्हणाला होतात!"

"बनवले तेव्हा होते, सर," मी चपलांना सांगितलं.

"आता यांना अर्थ आहे! अख्खी वाडी ते वापरतेय! मुलांना तोंडपाठ आहेत! चाचणी बाद!"

मग दिपालीने सगळं उलगडलं. मी 'घ्या' म्हटल्यावर मुलांनी शब्द खरंच वाटून घेतले होते. नियम एकच, वाचेल त्याचा शब्द! ज्याने जो वाचला, त्याने तो आपल्या शेळीला, कोंबड्याला, पाहिजे त्याला द्यायचा. मंगळीने एकही वाचला नव्हता. तिच्या घरच्या शेळीला पिल्लू झालं, ते अजून बिननावाचंच फिरत होतं. रविवारी जन्मलेलं, पण वाडीतल्या रव्यांची गर्दी पाहून मंगळीने ते नाव द्यायला साफ नकार दिला होता. तेव्हापासून ती रोज वर्गात सगळ्यांच्या आधी येऊन बसत होती.

"ते काही असो," सर म्हणाले, "नवे शब्द लिहा. इथे, आत्ता! कुणाला कळता कामा नयेत."

मी मोहाच्या झाडाखाली पाटी घेऊन बसलो. एक शब्द घडवायला मला एक संध्याकाळ लागते, आणि इथे सर घड्याळाकडे बघत होते! कसाबसा एक लिहिला.

"ढो... की... म," मागून आवाज आला. "ढोकीम! आमच्या बैलाला!"

"अरे, वाचू नका!" सर किंचाळले. "आदेश, पुसा! दुसरा!"

दुसरा लिहिला. पाठीवर श्वास जाणवत होते.

"पा... सु... टे! पासुटे माजा!"

"वाचू नका म्हटलं ना! चाचणी अजून सुरू व्हायचीय!"

मी पुसत होतो, लिहीत होतो. मुलं झडप घालत होती. सर हात पसरून त्यांना अडवत होते, कोंबड्या हुसकावल्यासारखे! शेवटी दिपाली हळूच म्हणाली, "सर, ती वाचतायत."

"तेच तर सांगतोय! कशी वाचतायत ही?"

"न पाहिलेले शब्द, सर. अक्षराला अक्षर जोडून."

सरांचे पसरलेले हात तसेच राहिले. मग सावकाश खाली आले.

"लिहा," सर हळू आवाजात मला म्हणाले. "अजून लिहा."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत मंगळी पुढे आली. काखेत ते तपकिरी पिल्लू होतं. ती माझ्यासमोर बसली आणि मागे वळून म्हणाली, "आता कुनी बोलला तं बघा!"

मी पाटी स्वच्छ पुसली. कवितेच्या शेवटच्या ओळीपाशीही मी इतका थांबलो नव्हतो. मी लिहिलं आणि पाटी वळवली.

मंगळीचं बोट पहिल्या अक्षराखाली गेलं. ओठ हलले, थांबले. बुधूचं तोंड उघडलं. सोमीने ते हाताने बंद केलं.

"नु..."

पिल्लाने कान हलवला.

"नु... पे..." तिने मान तिरकी केली, जणू शब्द पाटीच्या मागेही लिहिला असावा. "ळी. नु-पे-ळी. नुपेळी!"

आणि पाटी, सर, वर्गाचं भवितव्य यांपैकी कशाकडेही न बघता तिने पिल्लाच्या कानात तो शब्द सांगितला. तिला आता हाक मारायला कुणीतरी होतं.

दिपालीने बोटाची ओढणी सोडली. सर जीपकडे जाताना चष्मा पुसत म्हणाले, "वर्ग चालू राहील. मात्र अहवालात शेळीचा उल्लेख नको."

मी मागे रेंगाळलो. मन भरून आलं होतं. संपादकांना ज्यांचा अर्थ लागला नाही, त्या माझ्या शब्दांना या वाडीने घर दिलं होतं! अशा अवस्थेत मी टेकाड उतरू लागलो, तोच लहानी आजीची हाक आली.

"अरे गबीर! च्या पिऊन जा!"

गबीर! माझाच शब्द! तो कुणाला मिळाला असेल? एखाद्या उमद्या बैलाला? मी कौतुकाने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. पुढेही नव्हतं.

"आजी तुम्हालाच बोलावतेय," दिपाली ओढणी तोंडाशी धरून म्हणाली. "बुधूने वाचला होता तो. चपलांशी बोलणाऱ्या माणसाला गबीर म्हणायचं असं ठरलंय."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि नजर थेट चपलांवर गेली.

चहा कोरा होता, गूळ जरा जास्त पडला होता. गबीर तो संपवूनच उठला.