अकराव्या प्रश्नावरच्या दोन खुणा

फॉर्मवरचा अकरावा प्रश्न होता, ‘गिळताना त्रास होतो का?’ सासऱ्यांनी ‘नाही’वर ठसठशीत खूण केली आणि चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात सुनेने फॉर्म ओढून ‘होय’वरही खूण केली.

“हे काय?”

“बाबा, पाणी पितानासुद्धा ठसका लागतो तुम्हाला.”

“पाणीच पातळ असतं, त्याला मी काय करू?”

सासरे वजनमापं तपासणारे निवृत्त निरीक्षक. तीस वर्षं दुकानदारांची खोटी वजनं पकडण्यात गेल्यामुळे आपल्यातही काही खोट निघू शकते, हे त्यांना मान्यच नव्हतं. सुनेचं उलट. घरात दीड वर्षाचं पोर. त्यामुळे जगातल्या सगळ्या वस्तूंचे तिने दोनच प्रकार केले होते: घशात अडकलेल्या आणि अजून न अडकलेल्या. द्राक्षाचे ती चार तुकडे करायची. हल्ली सासऱ्यांच्या वाटीतल्या द्राक्षांचेही. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी फॉर्म पाहिला. “काका, दोन्हीकडे खूण आहे.”

“एक माझी आहे. दुसरी हिच्या काळजीची.”

सून खुर्चीला खेटून उभी राहिली. पिशवीतून तिने पोराचं लाळेरं काढलं. रबराचं, सांडलेलं झेलायला खाली पन्हळ, वर हसरा हत्ती.

“बांधू?”

“बांध. आणि खुळखुळाही दे.”

तिने बांधलं नाही. पण हातातून सोडलंही नाही.

खुर्ची आडवी झाली. दाढेवर धातूची कॅप नुसती बसवून बघायची होती, चिकटवायची नव्हती. तोंडात पाणी साठत गेलं. त्रास झाला तर हात वर करा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण हात वर करणं म्हणजे ‘होय’वर खूण करणंच की! सासऱ्यांनी हात खालीच दाबून धरला. मग असा ठसका उसळला, की डॉक्टरीणबाई दोन पावलं मागे आणि सून एक झेप पुढे. खुर्ची घाईघाईने उभी केली. खोकला थांबला. सासरे होते, दाढ होती, कॅप नव्हती.

शोधाशोध सुरू झाली. सून लाळेरं पिशवीत कोंबून गुडघ्यांवर रांगू लागली. जमिनीवरची बारीक वस्तू हुडकण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिला एक टाचणी आणि कुणाचं तरी बटण सापडलं.

“काका, गिळली तर नाहीत?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

म्हणजे पुन्हा अकरावाच प्रश्न. सासरे ताठ झाले. “गिळली. एका दमात. कळलंसुद्धा नाही. मघाशी लिहूनच दिलंय मी.”

“पोटात गेली असेल तर ठीक. पण श्वासनळीत गेली असेल तर...”

पुढचं ऐकायला सून थांबलीच नाही. सासऱ्यांचा दंड धरून ती खालच्या मजल्यावर एक्स-रेकडे निघालीसुद्धा.

“बाबा, श्वास घ्या.”

“घेतोय गं! तू घे आधी.”

एक्स-रेवाल्याने सांगितलं, “शर्ट काढा. खिशात असेल ते इथे ठेवा.”

“खिशात काही नाही,” सासरे खिसा दाबून म्हणाले.

“वाजतंय की, काका.”

खिशातून कागदाची पुडी निघाली. पुडीत लांबट, पांढऱ्या अठरा गोळ्या. रोज सकाळी सून तळहातावर ठेवत असे त्याच. काहींची टोकं विरघळलेली.

“माझ्यासमोर पाणी पीत होतात ना, बाबा?”

“पाणी प्यायचो. गोळी गालात ठेवायचो.” माल पकडला गेल्यावर दुकानदार कसे बघतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, आता ते तसेच बघत होते. “अडकते गं. मध्येच थांबते. वाटतं, संपलं आता सगळं.”

सुनेच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. ती एवढंच म्हणाली, “सांगायचं ना मला.”

“सांगितलं असतं तर तिचेही चार तुकडे केले असतेस.”

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरून दोनदा पाहिला. “छाती साफ, पोट साफ. काका, तुम्ही काहीच गिळलेलं नाही!”

एवढी चांगली बातमी ऐकून कुणाचा चेहरा इतका पडलेला त्यांनी पाहिला नसेल.

सुनेचे मात्र डोळे भरून आले. रुमालासाठी तिने पिशवीत हात घातला, तर आधी लाळेरं वर आलं. त्याच्या पन्हळीत, हत्तीच्या पायाशी, कॅप पडली होती. पोर खोकलं की तिचा हात आपोआप पुढे जातो, तसाच मघाशी गेला असणार. तिचं तिलाही कळलं नव्हतं.

“पुढच्या वेळी खुर्ची उभीच ठेवू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गिळण्याची तपासणीही लिहून देते. आणि गोळ्यांचं तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगा.”

सासऱ्यांनी फॉर्म मागून घेतला, ‘नाही’ खोडलं, आणि जुन्या सवयीने खाली तारीख घालून सही केली. मग सुनेच्या हातातलं लाळेरं घेऊन त्यांनी ते उलटसुलट तपासलं, गळ्याशी धरून पाहिलं.

“माप कमी आहे,” ते म्हणाले. “मोठं मिळतं का बघ.”

“बघते, बाबा. साधंच आणते, चित्राबित्राशिवाय.”

सासरे जरा घुटमळले.

“हत्ती असू दे.”