माझ्या हातानं पास केलेली गाणी

कॅसेट वाजत होती. कडवं ऐन रंगात आलं आणि मधेच माझा आवाज आला, “शेवंती घ्या, ताजी शेवंती.”

भालूअण्णांचा चेहरा उतरला. समोर कवी बसले होते. मोठं नाव. गाणी त्यांच्याच कवितांची. त्यांनी हो म्हटलं तरच कॅसेट बाजारात जाणार, नाहीतर अण्णांची तीन वर्षं पाण्यात.

पंचवटीत अण्णांचं कॅसेटचं दुकान आणि त्यांच्या पायरीवर माझी फुलांची पाटी. माझं शिक्षण चौथी, कवितेतलं मला काही कळत नाही. पण नवी चाल बांधली की अण्णा पेटी दारात आणून वाजवत, आणि बघत कुठं, तर माझ्या हाताकडं. हार ओवताना हात अडला की चाल नापास.

“मावशी, थांबलात तुम्ही.”

“दोरा तुटला, अण्णा.”

“चालीनंच तुटला तो.” एवढं म्हणून पेटी उचलून आत.

एका दुःखाच्या कवितेची चाल माझ्यापायी सहा वेळा नापास झाली. “रडावं माणसानं, पण हात चालू ठेवून,” असं ते म्हणायचे. बायको गेल्यावर चौदाव्या दिवशी दुकान उघडलं, तेव्हाही हेच म्हणाले.

रेकॉर्डिंग मागच्या खोलीत झालं. गाणाऱ्या मुलीला उकडलं म्हणून अण्णांनी खिडकी उघडली, आणि तिथून मी आत शिरले. नंतर त्यांनी ती कॅसेट शंभरदा ऐकली, पण माझं ओरडणं त्यांच्या कानालाच लागलं नाही. रोजचंच ते.

“ही बाई कोण?” कवींनी विचारलं.

मला वाटलं, आता माझ्यावर ढकलणार. अण्णा म्हणाले, “चाली ह्यांनीच पास केल्यात.”

कवी उठून पायरीवर आले. “लावा परत.” माझ्या हाताकडं बघत त्यांनी अख्खं गाणं ऐकलं. हात काही अडला नाही.

“राहू द्या बाईंना,” म्हणाले आणि गेले. हार मात्र घेतला नाही.

कॅसेट निघाली, चालली. पुढं सीडी आल्या, दुकान ओस पडलं. मग माझं खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने अंथरुणात होते. जागा गेली असंच धरलं होतं. पंचवटीत पायरी कोण रिकामी ठेवतो? परत आले तर पायरी धुतलेली, रिकामी.

समोरचा रिक्षावाला म्हणाला, “आजी, अण्णा रोज सकाळी तुमची कॅसेट लावायचे. शेवंती घ्या, परत मागं, परत शेवंती घ्या. लय वैताग आणला.”

“वेड लागलंय का तुम्हाला?” मी अण्णांना विचारलं.

“गिऱ्हाइकाला वाटायला नको, मावशी नाहीत म्हणून,” ते म्हणाले, आणि पेटी घेऊन दारात बसले.

कवी आता नाहीत. गाणारी सासरी गेली. अण्णा आहेत, मी आहे.