हिराजीकाकांचा तांब्या

मी कर्जतजवळच्या दहिवलीत राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारच्या हिराजीकाकांनी मला हाक मारली, आपल्या गाडीत मागच्या सीटवर बसवलं आणि काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या हातात दिला. मला वाटलं, पाहुणचार. मी तांब्या तोंडाला लावला तसे काका ओरडले, "ओ मास्तर! प्यायाचा नाय हाय तो!" मी असा दचकलो की अर्धं पाणी सदऱ्यावर. काकांनी शांतपणे तांब्या पुन्हा भरला, गाडी सुरू केली आणि कडावच्या बाजूचा असा रस्ता धरला की सदऱ्याचा उरलेला भागही भिजला. परत दारात आल्यावर त्यांनी तांब्यात बोटं बुडवून पाणी मोजलं. "तीन बोटं सांडलं. पाटा कडक हाय अजून."

पाटा म्हणजे धक्के झेलायला मागच्या चाकांवर एकावर एक रचून बांधलेल्या लोखंडी पट्ट्यांपैकी एक, हे मला त्या दिवशी कळलं. एक धडधाकट माणूस त्यांच्यापायी दोन वर्षं घालवू शकतो, हे कळायला पुढची दोन वर्षं लागली.

काकांनी जन्मभर कर्जत ते कळंब भाड्याची जीप चालवली. ती विकून त्यांनी एक जुनी फोर-बाय-फोर घेतली आणि तिच्यामागे जोडायला ट्रॉली बनवून घेतली. ट्रॉलीत दोघांपुरतं अंथरूण, शेगडी, पाण्याची टाकी. ही ट्रॉली ओढत, वनिताकाकींना घेऊन थेट हिमाचलात जायचं, असा बेत होता. काकींनी आयुष्यात बर्फ फक्त मासळीच्या पाटीत पाहिलेला, त्यामुळे त्याही खूश होत्या. अडलं होतं ते पाट्यांवर. ट्रॉली जोडली की गाडीचं बूड खाली बसायचं आणि हेडलाइटचा उजेड झाडांच्या शेंड्यांवर पडायचा. म्हणून काकांनी एक पाटा वाढवला, शॉकप दणकट टाकले. गाडी ट्रॉलीसकट डौलात चालायला लागली. पण ट्रॉली सोडली की तीच गाडी मागे बसलेल्या माणसाला उचलून छताला लावायची. हा मागे बसलेला माणूस बहुतेक वेळा मी असायचो.

"ओझं असलं तर गाय, नसलं तर खोंड," काका म्हणायचे. मग एक पाटा काढायचा, दुसरा घालायचा, आणि पुन्हा तांब्या. खड्ड्यांबद्दल मात्र ते कधी कुणाला शिव्या देत नसत. "रस्ता सरकारचा, मास्तर. पाटा आपला."

दुसऱ्याच्या गाडीखाली वाकून पाहणं हा तर त्यांचा हक्कच. माझ्या वास्तुशांतीला पांढऱ्या शुभ्र लेंग्यात आले आणि पंगत बसायच्या वेळी गायब झाले. माझा मेहुणा हात धुवायला बाहेर गेला तर त्याच्या नव्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. त्याने अशी किंकाळी फोडली की भटजींचा घास घशात अडकला. गाडीखालून आवाज आला, "घाबरू नका पावनं. डावा शॉकप गळतोय तुमचा." मेहुणा त्यानंतर माझ्याकडे रिक्षाने येतो.

गेल्या दिवाळीनंतर एकदाचं सगळं जमलं. कडक पाटे बसले, ट्रॉलीसकट गाडी माथेरानच्या पायथ्यापर्यंत जाऊन आली, निघायचा दिवस ठरला. काकींनी दोन स्वेटर आणले आणि सवय व्हावी म्हणून त्यातला एक घालून त्या कर्जतच्या उन्हात भांडी घासायला बसू लागल्या.

निघायला आठवडा राहिला असताना मी सकाळी सहज डोकावलो आणि जागीच थिजलो. ट्रॉली विटांवर चढवलेली, तिच्यात कोंबड्या. अंगणात पाट्यांचा ढीग, आणि काका गाडीखाली.

"काका, हे काय?"

"मऊ करतो."

"आणि ट्रॉली? हिमाचल?"

"ऱ्हाऊ दे."

ऱ्हाऊ दे! दोन वर्षं मी भिजलो, सर्दी काढली, शाळेत पोरांनी मला 'ओले मास्तर' नाव ठेवलं, आणि हा गृहस्थ म्हणतो ऱ्हाऊ दे! मी रागारागाने बरंच बोललो. काका गाडीखालून निघाले, हात पुसले आणि मला तांब्या दिला. शिवाय या वेळी दहा किलो तांदळाची पिशवी. "मांडीवर घ्या. पोटाशी धरा घट्ट."

तीन आठवडे रोज संध्याकाळी मी तांदूळ पोटाशी धरून खालापूरच्या रस्त्याने हिंडलो. आता काका पाण्याबद्दल कमी आणि माझ्याबद्दल जास्त विचारत. "पोटात दणका बसला का? वढ बसली का कुठं?" माझ्या पोटाची एवढी चौकशी माझ्या बायकोनेही कधी केलेली नाही.

शेवटी एके दिवशी मी ती पिशवी काकींसमोर आपटली. "काकी, मी उद्यापासून येणार नाही. माणसाला वेड लागतं म्हणजे किती!"

काकींनी पिशवी उचलून कडेला ठेवली. "आमच्या सुजाताला सातवा लागला, मास्तर. पयलं बाळंतपण. माहेरी आणायची हाय तिला."

सुजाता त्यांची एकुलती एक मुलगी, खालापूरला दिलेली. "अहो, पण खालापूर तासाभरावर आहे!"

"माझं माहेर तर कडावला. त्याहून जवळ." काकी म्हणाल्या. "मलाबी सातव्यात ह्यांनीच पोचवलं व्हतं. भाड्याच्या जीपमधनं. वझ्याची गाडी ती, कडक पाटे. एका खड्ड्यात आपटली. माहेरच्या दारात उतरले आन् कळ आली. मुलगा व्हता. जगला नाय. डाक्तर तवाच बोलला, धक्क्यानं नाय झालं, तुमचा दोष नाय. मला पटलं. ह्यांना आजपातुर पटलं नाय."

माझीच मला लाज वाटली. मी ती पिशवी उचलली, बाहेर गेलो आणि न सांगता मागच्या सीटवर जाऊन बसलो.

रविवारी काका मुलीला आणायला गेले. दुपारी काकी भाकरतुकडा आणि पाणी घेऊन फाटकात उभ्या, शेजारी मी. तासाभराच्या रस्त्याला अडीच तास झाले. मग वळणावर गाडी दिसली. ती पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने येत होती आणि तिच्यामागे दोन टेंपो, लग्नाची एक बस आणि असंख्य मोटारसायकली जिवाच्या आकांताने हॉर्न वाजवत होत्या.

काका दारात थांबले, उतरले आणि शिव्या द्यायला खिडकीतून अर्धा बाहेर आलेल्या टेंपोवाल्याला हात जोडून हळूच म्हणाले, "दादा, हॉर्न नको. पोरगी झोपलीय."

मी वाकून पाहिलं. सुजाता मागच्या सीटवर पोटावर हात ठेवून, तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपली होती. टेंपोवाल्यानेही पाहिलं आणि इंजीन बंद केलं. काकी भाकरतुकडा हातात धरून तशाच थांबल्या. कुणी तिला उठवलं नाही.

पुढच्या सीटवर टॉवेलात तांब्या उभा होता, काठोकाठ भरलेला. मी तो काढून काकांना दाखवला.

"आता प्यायला हरकत नाय," काका म्हणाले. दोन्ही हातांनी धरून त्यांनी तो तोंडाला लावला. पण हात इतके थरथरत होते की घोटभरच पोटात गेलं आणि बाकी सगळं पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं.