बिनक्लचच्या गाडीला बसवलेला क्लच

वाहनात बिघाड होणे ही खासगी बाब आहे. बॉनेट उघडणे ही सार्वजनिक. बॉनेट वर गेलं की ते खाली येईपर्यंत गाडीवर मालकाचा फारसा हक्क राहत नाही, हे धाराशिव जिल्ह्यात कोणाला शिकवावं लागत नाही. रस्त्याने जाणारा थांबतो, दोन्ही हात मागे बांधतो, आत वाकून बघतो, कुठल्या तरी नळीला बोट लावतो आणि निदान सांगतो. न सांगता पुढे जाणं उद्धटपणाचं समजलं जातं. (घाई असल्यास मोटारसायकलवरूनच, एक पाय टेकून, निदान सांगण्याची सवलत आहे.)

तेरच्या अलीकडच्या वस्तीवर राहणाऱ्या रुद्रम्माला या व्यवस्थेबद्दल पूर्ण आदर होता. तिला फक्त गाडी दुरुस्त करून हवी होती, आणि तेवढ्यावरून तिचं व्यवस्थेशी जरा बिनसलं.

गाडी म्हणजे एक जुना पिकअप. पवनचक्क्या उभारणाऱ्या एका कंपनीने तो लिलावात काढला आणि रुद्रम्माचे यजमान महांतप्पा यांनी घेतला, कारण दुसऱ्या कोणी बोलीच लावली नाही. गिअर आपोआप पडणारी गाडी. डाव्या पायाला कामच नाही. लिलावाला जमलेल्यांनी आत वाकून क्लच शोधला, तो सापडला नाही, तेव्हा कोणीतरी आधीच काढून नेला असावा असं ठरवून मंडळी घरी गेली. महांतप्पांनाही गाडी चालवता येईना. त्यांचा डावा पाय सवयीने क्लच शोधायचा, ब्रेकवर पडायचा, आणि महांतप्पा काचेवर आपटायचे. रुद्रम्माच्या डाव्या पायाला कसलीच सवय नव्हती, म्हणून ती अकरा दिवसांत शिकली. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिने लायसन काढलं.

वस्तीवरच्या आठ बायका मिळून ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगांची चटणी करायच्या. रोज सकाळी चारशे भाकरी घेऊन रुद्रम्मा धाराशिवला मुलींच्या एका वसतिगृहाच्या खानावळीत पोचवायची. खरं सांगायचं तर तिला भाकरीपेक्षा गाडीच जास्त आवडायची. सव्वीस वर्षं ज्या रस्त्याने ती कोणाच्या तरी मागे बसून गेली, त्याच रस्त्याने आता लोक तिच्या मागे बसून जायचे, आणि याचा तिला मनापासून आनंद होता.

मग गाडी बिघडली. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना ती आधी बराच वेळ विचार करू लागली. इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी काही पळायची नाही. आणि मग तिसरा गिअर असा दणक्यात पडायचा की मागच्या भाकरी तडकायच्या. त्यामुळे बिघाड भाकरीत मोजण्याची पद्धत पडली. पहिल्या आठवड्यात तो दररोज सहा भाकरी होता, दुसऱ्यात सतरा, तिसऱ्यात एकतीस. खानावळीने कळवलं की तुकडे यापुढे स्वीकारले जाणार नाहीत. (मुली भाकरीचे तुकडे करूनच खातात, पण ते त्यांनी स्वतः करायचे असतात.)

महांतप्पांनी निर्णय दिला. अमावस्येपर्यंत गाडी नीट झाली तर ठीक, नाही तर विकून साधी गिअरची घ्यायची, तिच्यावर ड्रायव्हर ठेवायचा आणि रुद्रम्माने मागे बसून भाकरी सांभाळायच्या. निर्णयात कसलाही राग नव्हता, उलट तिचे कष्ट वाचतील अशी काळजीच होती. त्या दिवशी भाकरी थापताना रुद्रम्माला रडू आलं. चुलीजवळ धुराचं निमित्त सांगायची सोय असते, ती तिने वापरली.

दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीसमोर बॉनेट उघडण्यात आलं. ते नऊ दिवस उघडं होतं, म्हणजे सकाळची भाकरीची फेरी सोडून. या काळात एकशे सतरा जण आत वाकून गेले. त्यांपैकी चौऱ्याऐंशी जणांनी क्लच प्लेट गेल्याचं सांगितलं, बारा जणांनी पेट्रोलमधली भेसळ (गाडी डिझेलची आहे), नऊ जणांनी नजर, सात जणांनी पवनचक्कीचं वारं आणि चौघांनी टायर. शेळ्यांचा एक व्यापारी मात्र आपल्याला यातलं काही कळत नाही असं म्हणाला. त्याला पुन्हा बोलावलं नाही.

तपासणीत कुठेही कसूर झाली नाही. प्रत्येकाने इंजिनचं तेल मोजायची पट्टी उपसली, पुसली, उन्हात धरली आणि गंभीरपणे परत घातली. मागच्या बाजूला तशीच आणखी एक पट्टी होती. ती कंपनीने जादाची दिली असावी यावर सर्वांचं एकमत झालं, आणि नजरवाल्या नऊ जणांनी तिच्या कडीला लिंबू-मिरची बांधली. गाडीखाली मातीत लाल थेंबही दिसत होते. पण पान खाणाऱ्या इतक्या माणसांत त्याची चौकशी करणं शोभलं नसतं.

अंतिम निर्णय कोंडीरामतात्यांचा होता. तात्यांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, आणि त्यांचा डावा पाय वस्तीवर दाखल्यासारखा मानला जातो. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. चौऱ्याऐंशी माणसं चुकू शकत नाहीत, तेव्हा बिघाड क्लचचाच. गाडीला क्लच नाही, म्हणजे तो पूर्णच गेलेला आहे.

"कलच न्हाय म्हणूनच गिअर पडंना. सरळ गोष्ट हाय," तात्या म्हणाले.

वेल्डिंगवाल्या योगीराजने भंगारातल्या जीपचं पेडल आणलं आणि ब्रेकच्या शेजारी स्प्रिंग लावून पक्कं बसवलं. ते पुढे कशाला जोडायचं असा प्रश्न निघाला होता. जोडायला काहीच नसल्यामुळे ते काम वाचलं.

चाचणी तात्यांनी घेतली, आणि नोंद करण्यासारखी गोष्ट अशी की फरक पडला. तात्यांनी डाव्या पायाने पेडल दाबलं की एकतीस वर्षांच्या सवयीने उजवा पाय अ‍ॅक्सिलेटरवरून आपोआप उठायचा. गाडीवरचा जोर कमी व्हायचा आणि बिचारा गिअर जरा हळू पडायचा. बिघाड एकतिसावरून एकोणीस भाकरींवर आला. एवढ्या स्पष्ट पुराव्यानंतर शंका घेणं हे केवळ वाकडेपणाचं ठरलं असतं.

यातून एक छोटी अडचण निघाली. गाडीला आता क्लच होता आणि रुद्रम्माला क्लच येत नव्हता. तिने इतके दिवस चालवलेली गाडी ही निराळी, असं तात्यांनी तिला समजावलं. सहा आठवडे शेजारी बसून बघायचं, मग उभ्या गाडीत दाबायची सवय करायची, मग परीक्षा. तोपर्यंत गाडी तात्याच चालवणार होते, तेही निःस्वार्थपणे. (शेजारची जागा लगेच महांतप्पांनी घेतल्यामुळे शिक्षण मागूनच सुरू झालं.)

चार दिवस रुद्रम्मा भाकरींच्या डब्यांशेजारी बसून धाराशिवला गेली. भाकरी एकोणीस तुटल्या, मग एकवीस, मग चोवीस. पाचव्या दिवशी भाकरी पोचवून झाल्यावर गिरणीसमोरची निदान करणारी अख्खी समिती येडशीला लग्नाला गेली, आणि तिने गाडीच्या कप्प्यातलं कंपनीचं पुस्तक काढलं. पुस्तक इंग्रजीत होतं, पण चित्रांना भाषा नसते. चित्रात गाडी जागेवर उभी, इंजिन सुरू, एक हात, एक फडकं आणि पट्टी होती, मागची, जादाची. इंजिन सुरू कशाला, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. कढईतल्या तेलाचा अंदाजही ते तापल्यावरच येतो.

तिने गाडी सुरू करून तापू दिली, लिंबू-मिरची सोडून बाजूला ठेवली आणि पट्टी ओढली. पट्टीचं टोक कोरडं होतं. गाडीखाली वाकून बघितलं तर एका नळीचा पट्टा सैल होऊन तिथून गिअरचं लाल तेल ठिबकत होतं. तो तिने पेचकसाने आवळला. मग एसटीने धाराशिवला जाऊन तिने पुस्तकातला तेलाचा नंबर दुकानदारापुढे धरला. त्याने डबा काढला आणि मिस्त्रीचं नाव विचारलं.

"रुद्रम्मा," ती म्हणाली. त्याने मान वर न करता लिहून घेतलं.

रॉकेलच्या नरसाळ्याने तिने पट्टीच्या नळीतून थोडं थोडं करत दीड लिटर तेल ओतलं, पुन्हा पुन्हा मोजत. मग लिंबू-मिरची होती तशी बांधली, कारण कोणाचं मन दुखवायचं नव्हतं, आणि ती तेरणा नदीच्या पुलापर्यंत जाऊन आली. तिसरा गिअर कधी पडला ते तिला कळलंसुद्धा नाही. वेगाच्या काट्याकडे बघितल्यावर कळलं, आणि ती एकटीच मोठ्याने हसली.

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या हातून एकही भाकरी तुटली नाही. संध्याकाळी गिरणीसमोर तात्यांना आणि योगीराजला शाल-नारळ देण्यात आलं, पेडलला हळदकुंकू वाहण्यात आलं. पेडल नवीन असतं तेव्हा बसायला चार-पाच दिवस घेतंच, असा खुलासा तात्यांनी केला. मग रुद्रम्मा उठली आणि म्हणाली, माझी परीक्षा आत्ताच घ्या.

सव्वीस माणसांदेखत तिने गाडी वस्तीभोवती फिरवली. काटा सरकला की ती डावा पाय उचलायची, पेडल पार खालपर्यंत दाबायची, क्षणभर थांबायची आणि अलगद सोडायची. तात्या शेजारी डोळे मिटून ऐकत होते.

"लई सफाईनं सोडतीस कलच," ते म्हणाले. "आमच्या डेपोत असतीस तर नाव काढलं असतंस."

"तुमचं बघूनच शिकले, तात्या," रुद्रम्मा म्हणाली.

किल्ली अमावस्येच्या दोन दिवस आधी तिच्या हातात परत आली. भाकरी मोजताना, तिच्यासोबत थापणाऱ्या आणि तेलाची गोष्ट एकटीलाच ठाऊक असलेल्या महादेवीने तिला विचारलं की तेलाचं खरं का नाही सांगितलं.

"सांगितलं असतं तर तेलाला समिती बसली असती," रुद्रम्मा म्हणाली. "पाय आपटला, किल्ली मिळाली. मला गाडी चालवायची हाय, अक्का, जिंकायचं न्हाय."

आजही वस्तीच्या हद्दीत ती पेडल नियमाने दाबते आणि पुलाच्या पुढे पाय खुशाल पसरते. योगीराजकडे मागणी वाढली आहे. आतापर्यंत त्याने अशी चौदा पेडलं बसवली असून त्यांपैकी तीन, ग्राहकांच्या आग्रहावरून, मागच्या सीटसमोर आहेत. तक्रार एकाचीही नाही. वाचकांपैकी कोणाला हवं असल्यास सांगावं. मात्र आपल्याकडे ते आधीच बसवलेलं नाही ना, याची खात्री करून घ्यावी. बसवल्याचं सहसा कोणाला आठवत नाही. घर, कचेरी, सोसायटीची मीटिंग आपण वेळेवर दाबलं म्हणूनच पुढे सरकली असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा वाकून ते कुठं जोडलंय ते बघावं. (वाकायला हरकत नाही, गाडी दुसरंच कोणीतरी चालवत असतं.)