त्र्याऐंशी टक्के स्वेटर

अंदाज बांधण्यात आपला हात धरणारा कुणी जन्मालाच आलेला नाही, अशी हवामानरावांची पक्की खात्री होती! रोज संध्याकाळी रेडिओवर उद्याच्या पावसाची जी टक्केवारी सांगतात, ती हवामानकचेरीतल्या त्यांच्याच टेबलावरून जायची. त्यामुळे डॉक्टर जेव्हा नुसतेच "चाळीस टक्के" म्हणाले, तेव्हा त्यांना ते अजिबात पटलं नाही.

प्रकरण नाजूक होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलत नव्हता. तपासणीत कळलं, हवामानरावांचे शुक्राणू शून्य! म्हणजे कोरडा ठणठणीत दुष्काळ. आता एकच आशा होती. छोटी शस्त्रक्रिया करून आत कुठे दडलेले शुक्राणू मिळतात का ते पाहायचं. वय, रक्तातले हार्मोन असं सगळं बघून डॉक्टरांनी यशाची शक्यता काढली होती, चाळीस.

"चाळीस म्हणजे पास!" आई म्हणाल्या आणि लोकर घेऊन बसल्या. चार दिवसांत इवलासा स्वेटर पोटापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"आई, उरलेला कधी विणणार?" सुनेने विचारलं.

"डॉक्टरांनी चाळीसच सांगितलेत ना? मग तेवढाच विणला. हावरटपणा नको!"

सून खो खो हसली. मग हसता हसताच स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली. भांडं एकही नव्हतं घासायला.

हवामानरावांना ते बघवेना. "थांब," ते म्हणाले, "खरा आकडा मी काढतो!"

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्यांनी आपले सगळे रिपोर्ट कचेरीतल्या पावसाच्या प्रोग्रॅममध्ये कोंबले. आर्द्रतेच्या जागी हार्मोन, वाऱ्याच्या वेगाच्या जागी वय! संगणक जरा घुटमळला, कण्हला आणि आकडा आला, त्र्याऐंशी!

हवामानराव तरंगत घरी आले. आईंनी लगेच सुया उचलल्या. जेवायला बसेपर्यंत स्वेटर गळ्याशी पोचलासुद्धा!

इतक्यात रेडिओ बोलला, "उद्या पावसाची शक्यता त्र्याऐंशी टक्के."

हवामानराव हातातला घास टाकून उठले. आलेला आकडा प्रोग्रॅम परस्पर रेडिओला धाडतो, हे ते साफ विसरले होते! कचेरीत फोन लावला, तर कुणी उचलेना.

"जाऊ दे," ते पुटपुटले, "हल्ली रेडिओ ऐकतंय कोण!"

सगळं गाव ऐकत होतं! दुसऱ्या दिवशी आकाश धुतलेल्या ताटासारखं लख्ख, आणि खाली रेनकोटात उकडून निघालेली माणसं. ऑपरेशन थिएटरमध्ये हवामानराव कमरेखाली बधिर होऊन पडले होते. डॉक्टर आत आले ते लालबुंद होऊन.

"आज लेकीचा वाढदिवस बागेत करणार होतो. पावसाच्या भीतीने पन्नास पोरं घरात घेतली! हवामानखात्यात कोण गाढव बसलंय, एकदा भेटू दे मला!"

हवामानरावांची नजर डॉक्टरांच्या हातातल्या सुरीकडे गेली. पळावं म्हटलं तर पाय जाग्यावर नव्हते!

"ड... डॉक्टर, मीच तो. आणि तो आकडा पावसाचा नव्हता हो. माझा होता."

डॉक्टर थबकले. मग हळूहळू त्यांचे खांदे हलायला लागले. नर्सही हसली. "त्र्याऐंशी? बघूच मग!" असं म्हणून ते कामाला लागले.

मग बराच वेळ ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. हवामानराव छताकडे बघत होते, आणि त्यांना दिसत होता तो नुसता सोडलेला नळ.

शेवटी सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता डॉक्टर म्हणाले, "सापडले! मोजकेच आहेत, पण हलतायत!"

बाहेर सून आईंच्या गळ्यात पडली. या खेपेला डोळ्यांचे नळ दोघींचेही सुटले होते. थोड्या वेळाने आईंनी डोळे पुसून विचारलं, "डॉक्टर, आता बाळ नक्की ना?"

"हा पहिला टप्पा झाला. आता प्रयोगशाळेत गर्भ तयार करायचा, तो रुजायचा. पुढची शक्यता, पस्तीस टक्के."

आईंनी पिशवीतून स्वेटर काढला आणि उसवायला घेतला.

"आई, अहो, हे काय करताय!"

"पस्तीसपर्यंत आणतेय. तिथे मात्र घट्ट गाठ मारते. बघू कसा खाली उतरतो तो आकडा!"

खोलीत आणल्यावर सुनेने हवामानरावांचा हात धरून विचारलं, "तुमचा काय अंदाज?"

हवामानरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. लोक रेनकोट काखोटीला मारून, कुणाला तरी शिव्या घालत घरी चालले होते.

"पडदा ओढ आधी," ते म्हणाले.