पाटणकरकाकांची दुसरी खुर्ची

ओमानमधला मराठी माणूस म्हटल्यावर तुम्ही उंट, सोनं, खजूर धरून बसला असाल. बसा. माझ्याकडे फक्त दोन खुर्च्या आहेत आणि त्यांवर आलटूनपालटून बसणारे एकच पाटणकरकाका.

बौशरला मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. काका ऑफिसात अरबी करार इंग्रजीत आणतात आणि सुट्टीच्या दिवशी पाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीतला एक लॅटिन संवाद. त्यात बागेत दोन मित्र भांडतात. एक म्हणतो, शहाण्या माणसाला सगळीकडे घरच. दुसरा म्हणतो, छे, घर म्हणजे आपलं गाव. काका एका खुर्चीत पहिल्याचं वाक्य इंग्रजीत म्हणून बघतात, उठतात, दुसरीत बसतात आणि तावातावाने स्वतःलाच उत्तर देतात. "बोलून बघितल्याशिवाय अनुवाद नाही. आणि मूळचा एक शब्द हलवायचा नाही!"

इथल्या मराठी मंडळात कुणीतरी विचारलं, "हे वाचणार कोण?" काका म्हणाले, "तुम्ही नाही, एवढं नक्की." तेव्हापासून गणपतीच्या आरतीलाही त्यांना कुणी बोलवत नाही.

दुसरी खुर्ची खरं तर काकूंची. दुसऱ्या मित्राची वाक्यं त्या म्हणायच्या, अस्सल सातारी इंग्रजीत. शेवटच्या पानावर तो मित्र हार मानतो. तिथे आल्या की काकू कागद ठेवून द्यायच्या.

"मी नाही मानत. साताऱ्याला कधी चलताय ते बोला."

"पुढच्या वर्षी, इन्शाल्ला."

गेल्या वर्षी काकू इथेच, बौशरमध्ये वारल्या. शेवटचं पान तसंच राहिलं.

परवा काकांचे गुडघे धरले. मला म्हणाले, "बस तिथं, वाच." मी बार्शीच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून छड्या खाल्लेला माणूस. खुर्ची काकूंची, मग आवाज दुसऱ्या कुणाचा काढणार? काका दचकले, पण थांबवलं नाही. डोळे मिटून वाद घालत राहिले. शेवटचं पान आलं. मी काकूंच्याच आवाजात वाचून टाकलं, "जिंकलास, मित्रा. शहाण्याला सगळीकडे घरच." वर माझं, "काका, खलास! झालं पुस्तक!"

"गाढवा!" काका ओरडले. "नक्कल येत नाही तर करतोस कशाला? ती असं कधी म्हणाली? हॉस्पिटलातसुद्धा साताराच म्हणत होती."

"पण पुस्तकात तसंच आहे, काका."

"पुस्तक गेलं खड्ड्यात! माकडा, पुन्हा वाच. आणि या वेळी मला हरव."