उत्तरेकडील मेंढ्यांसाठीं शरद अगोदर आणिला ती हकीकत

॥ श्री ॥ ज्यानें उजेड आणि अंधार यांची वांटणी करून जीवमात्रास आपापला ऋतु नेमून दिला, त्यास वंदन करून लिहितों. शके सोळाशें एकोणपन्नास, प्लवंगनाम संवत्सरीं एका राज्यांत जें वर्तलें, त्यांतील कांहीं ऐकिलें, कांहीं डोळां पाहिलें, तें येणेंप्रमाणें.

राज्याचे महाराज शूर, उदार, बोलण्यास थोडे. त्यांची राणी हिरमाबाईसाहेब उत्तरेकडील बर्फाचे डोंगरांतील. लग्न होऊन आल्या ते समयीं त्यांचे वडिलांनीं सोनें थोडें दिलें आणि मेंढरांचा एक कळप दिला, कीं ज्यांची लोंकर हातीं घेतली तर हात सोडूं नये इतकी मऊ. बाईसाहेबांस इकडील बोली येईना, जेवण रुचेना, उन्हाळा सोसेना, मग सायंकाळीं कळपांत जाऊन बसाव्या आणि आपले डोंगरी बोलींत मेंढ्यांशीं बोलावें, असा क्रम पडला. पुढें बोली आली, जेवणही रुचलें, परंतु क्रम सुटला नाहीं. माहेरास जाण्याची गोष्ट काढिली कीं महाराज म्हणत, "वाट लांबची, मधें मुलूख परक्यांचे. हा कळप आहे, हेंच आपलें माहेर समजावें." आणि बाईसाहेब उगी राहत, कारण महाराज हें प्रीतीनें म्हणत, हें त्यांस कळत होतें.

मग एके पावसाळ्यांत कळपावर रोग पडला. कोंकरें गेलीं, एडके म्हणजे नर तेही गेले. जातीचा एडका एकच राहिला, नांव डोंगरू, आणि तोही सारा शरद अंथरुणास खिळल्यासारखा पडून होता. उत्तरेकडील मेंढी शरदांतच माजावर येते, दिवस आखूड होऊं लागला म्हणजे. एरवीं एडका शेजारीं उभा केला तरी ती त्याजकडे ढुंकून पाहत नाहीं. म्हणजे तें वर्ष फुकट गेलें. फाल्गुनांत डोंगरू उठून चरूं लागला, परंतु राजवैद्य विसाजीपंत यांनीं त्याचे छातीस कान लाविला आणि सांगितलें, "फुप्फुस पोंखरलें आहे. येता पावसाळा काढणें कठीण. शरद तर दूरच." बाईसाहेबांनीं विचारिलें, "हा गेला म्हणजे?" वैद्य बोलिले, "मेंढ्या आहेत तोंवर आहेत." आणि महाराज त्याच आठवड्यांत मोहिमेस निघून गेले होते, म्हणून हें दुःख सांगावें तरी कोणास.

कळप राखणारी धुळाबाई धनगरीण, वयस्क, तिला दरबारांतही कोणी मुकी पाहिली नव्हती. ती म्हणाली, "बाईसाहेब, आमच्या मेंढ्या बारमाही माजावर येतात. त्यांवर सोडा एडका. अर्धी जात तरी राहील." बाईसाहेब म्हणाल्या, "धुळाई, मला अर्धें नको." आणि वैद्यांस बोलावून पुसलें कीं मेंढीस शरद आला हें कळतें तरी कशानें? थंडीनें? गवतानें? वैद्यांनीं सांगितलें, "थंडीनें म्हणावें तर यंदा थंडी लवकर पडली, मेंढ्या ठरल्या वेळींच जाग्या झाल्या. मीं कसाबाकडील मुंडकीं उघडून पाहिलीं आहेत. मेंदूचे खोल घडींत तांदुळाचे कणीएवढी एक गांठ आहे. माझा अदमास असा कीं अंधारांत ती रस सोडते आणि उजेडांत थांबते. रात्र वाढली म्हणजे रस वाढला, तो रक्तांतून फिरून वर्दी देतो कीं शरद आला, मग मेंदू आपला दुसरा रस खालीं धाडतो आणि निजलेलें गर्भस्थान जागें होतें. मेंढी रात्र मोजते, दुसरें कांहीं नाहीं." बाईसाहेब म्हणाल्या, "मग रात्र वाढवितां येईल?" वैद्य म्हणाले, "रात्र वाढत नाहीं. दिवस झांकितां येईल. परंतु हा अदमास आहे, बाईसाहेब. चुकला तर उन्हाळ्यांत मेंढ्या कोंडून मारल्या, असा बोल येईल." बाईसाहेब म्हणाल्या, "बोल मजवर येऊं द्या."

मग जुनें धान्याचें कोठार रिकामें केलें, झरोके चिखलानें लिंपिले, दारांस कांबळीं टांगिलीं, आणि आंत गारवा राहावा म्हणून वाळ्याचे पडदे भिजवून लाविले. चैत्रांत आरंभ झाला. सकाळीं कळप चरावा आणि ऊन अजून माथ्यावर असतांच आंत घ्यावा, तो दुसरे दिवशीं सूर्य वर आल्यावर सोडावा. धुळाबाईस रसाची गोष्ट पटली नाहीं, परंतु तिनें आपली एक सांगितली. "एडका डोळ्यांपुढें राहिला कीं मेंढी त्यास भिंत समजते. त्यास दूर न्या, आवाज नको, वास नको. मग एकदम आणा." वैद्य म्हणाले हेंही खरें असूं शकेल, आणि डोंगरूस नदीपलीकडे देवीचे माळावर नेऊन बांधिला. जातांना त्यानें मान वळवून हांक मारिली. मेंढ्या चरत होत्या, एकीनेंही डोकें वर केलें नाहीं. बाईसाहेबांस त्या दिवशीं अन्न गेलें नाहीं.

वैशाखांत ऊन असें पेटलें कीं कोठारांत शिरतांना मेंढ्या पाय रोंवून उभ्या राहूं लागल्या, आणि नगरांत लोक कुजबुजूं लागले कीं परमुलखी राणी भर दुपारीं रात्र करिते, हें चांगलें लक्षण नव्हे. मग बाईसाहेब स्वतः पुढें होऊन आंत जाऊं लागल्या, त्यांचे मागें कळप जाऊं लागला. त्या काळोखांत त्या आणि धुळाबाई बसून राहत. बाहेर दिवस, आंत रात्र. एकदां बाईसाहेबांनीं विचारिलें, "धुळाई, तुझें माहेर कोठें?" ती म्हणाली, "आम्ही फिरस्ते, बाईसाहेब. जेथें कळप बसला तेथें चूल. गांव कोणता म्हणून आठवूं? मला आईचा हात आठवतो. खरखरीत होता." बाईसाहेब म्हणाल्या, "माझे आईचा चेहरा आतां नीट आठवत नाहीं. मेंढीचे लोंकरींत तोंड खुपसलें म्हणजे घराचा वास येतो, त्या वासांत ती उभी असते, परंतु पाठमोरी." धुळाबाईनें अंधारांत त्यांचा हात धरिला, कीं जें उजेडांत तिला करितां आलें नसतें.

ज्येष्ठ सरतां कांहीं मेंढ्या उगाच फिरूं लागल्या, एकमेकींस हुंगूं लागल्या, शेंपटी हालवूं लागल्या. वैद्य म्हणाले, "अजून थोडें थांबावें, सगळा कळप जागा होऊं द्यावा." धुळाबाई म्हणाली, "वर डोंगरांत पाऊस धरला आहे. नदी चढली तर एडका तिकडे आणि शरद इकडे." आणि तिकडून माळावरचा राखण्या सांगत आला कीं डोंगरू खोकतो, दोन दिवस बसूनच आहे. बाईसाहेब म्हणाल्या, "आजच आणा." एडक्यास चालवेना. मग बाईसाहेबांनीं आपला मेणा धाडिला. भोई म्हणाले, आम्ही राजघराण्याचे भोई, मेंढरूं वाहणार नाहीं. त्यावर बाईसाहेब आपण नदीचे पाण्यांत उतरल्या, तेव्हां भोई लाजले आणि मेणा खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यांतून डोंगरूस अलीकडे घेऊन आले. तीरावर येतांच त्यानें हांक मारिली, खोल, फुटक्या आवाजाची. आणि कोठारांतून, लिंपिलेल्या भिंतींतून, सगळा कळप एकदम ओरडला. वैद्य विसाजीपंत खालीं मातींत बसले आणि उपरण्यानें डोळे पुसूं लागले.

दारें उघडिलीं. डोंगरू मेण्यांतून उतरतांना अडखळला, परंतु उतरल्यावर मान उंच करून आंत चालत गेला. पुढें काय झालें तें सांगणें नलगे. श्रावणांत तो एके सकाळीं उठला नाहीं. बाईसाहेबांनीं त्यास नदीकांठीं उत्तरेस तोंड करून पुरिला.

मार्गशीर्षांत कोंकरें झालीं. सगळ्या मेंढ्या फळल्या नव्हत्या, परंतु जीं झालीं त्यांत नरही होते, आणि जात राहिली. ते समयीं महाराज मोहिमेहून आले, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, आणि थेट कळपाकडे आले. सर्व ऐकून म्हणाले, "एवढें आम्हांस कां कळविलें नाहीं?" बाईसाहेब म्हणाल्या, "कळवून आपण काय म्हणाला असतां?" महाराज म्हणाले, "दुसरा कळप आणवून देतों, असें म्हणालों असतों." आणि स्वतःच्याच बोलण्यावर थांबले. मग म्हणाले, "आपलें माहेर काय होतें, हें आम्हांस कधींच समजलें नाहीं. वाटेची तजवीज करितों. जाऊन यावें. येणें झालें नाहीं, तरी आमचा बोल नाहीं."

बाईसाहेब गेल्या. महाराज सायंकाळीं कळपांत येऊन उभे राहूं लागले. मेंढ्यांशीं काय बोलावें हें त्यांस ठाऊक नव्हतें, म्हणून नुसते उभे राहत. एक हिंवाळा गेला, दुसरा गेला, बर्फानें घाट बंद झाल्याची वार्ता आली, पुढें वार्ताही येईना. तिसरे वर्षीं शरदांत बाईसाहेब परत आल्या, उन्हानें रापलेल्या, कृश. महाराज वेशीपर्यंत पायीं सामोरे गेले. विचारिलें, "मातोश्री?" बाईसाहेब म्हणाल्या, "भेटली. चेहरा पाहिला. तिला मी ओळखूं आलें नाहीं, मग आलें. मेंढरांस मी धुळाईसारखी हांक मारीत असें, तर भावजया हंसत, म्हणत ही कोठची बाई. आणि दुपार झाली कीं मला वाळ्याचा वास येई." महाराज म्हणाले, "मग आतां येथें सुख लागेल?" बाईसाहेब म्हणाल्या, "येथें राहीन. तेथें असतां इकडे डोळे लागले होते, आतां तिकडे लागतील. हें जाणार नाहीं, महाराज. आपण मजसवें बसत जावें, इतकेंच." आणि महाराज ते दिवशीं कळपांत भुईवर बसले.

सारांश, मेंढ्यांचा ऋतु माणसांस अलीकडे ओढितां आला, जात तगली, वैद्यांचा अदमास खरा ठरला आणि धुळाबाईचाही. राणीसाहेबांचे मनांतील ऋतु मात्र कोणास हालवितां आला नाहीं, तो दोघांनीं मिळून सोसला. लिहिलें तें इतकेंच. अधिक उणें वाचणारांनीं आपले मनीं पाहावें.